थांबणारी गोळी

कालका
७ सप्टेंबर १९९७

प्रिय बेबीनंदा,

पत्राला कारण म्हणशील तर काहीच न्हाई. करमत न्हाई, एवढंच. चौथीतून शाळा सुटली, तवापासून हातात पेन आज धरला. अक्षर बघून हसू नको. हसलीस तरी मला कळवू नको.

मी ट्रक सोडला. जालन्याहून मोसंबी घेऊन दिल्लीला आल्तो, तिथून मालकानं पहाडाकडचं भाडं धरलं, अन इथं आल्यावर ड्रायव्हरचं अन माझं वाजलं. तू म्हणशील, पुन्हा सोडलं का? हाव, पुन्हा सोडलं. परतूरची जिनिंग सोडली, जालन्याची लोखंडाची मिल सोडली, आता ट्रक. माझ्या पायात काय आहे मला कळत न्हाई. पण ह्या वेळेस जे हाती लागलं ते सोडायचं मन न्हाई. काम सरकारी आहे. ठेकेदाराच्या हाताखाली आहे, पण जागा सरकारी.

काम रांधायचं. मोठ्या भांड्यात पाणी घ्यायचं, पावडर भिजत घालायची, ती फुगली की मंद आचेवर ढवळत बसायचं. उकळी येऊ द्यायची न्हाई, फेस धरू द्यायचा न्हाई. वरून दालचिनीच्या तेलाचे थेंब. मंग लांबट साच्यात ओतून गारठ्याच्या कपाटात ठेवायचं. दोन दिवसांनी असा ठोकळा निघतो की त्यातून पलीकडचं दिसावं. बोट लावलं की थरथरतो. साहेब म्हणतात, वसंत, तेरा हाथ अच्छा है. आजवर माझ्या हाताला कुणी चांगलं म्हणलं न्हाई, एक तू सोडून.

ठेकेदार म्हणला, हिवाळा सरला की एक खोली देतो. पत्र्याची आहे, पण आपली. लग्नानंतर रखमाजीदादाच्या घरी आपण महिनाभर राह्यलो ते आठव. वहिनी पलीकडून खोकल्या की आपण गप. इथं खोकणारं कुणी न्हाई. तोवर तू धावड्याला तुझ्या आईपाशी राह्य.

संध्याकाळी पहाडावर दिवे लागतात, एकावर एक. प्रत्येक दिव्याखाली कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारत असल असं वाटतं. मी तिकडं पाठ करून जेवतो.

तुझा
वसंता


धावडा
२८ सप्टेंबर १९९७

अहो,

तुमचं नाव मी तोंडानं घेत न्हाई, पण पाकिटावर कसं टाळू? शिवाजीला म्हणलं तू लिही, तर म्हणतो, "आक्का, नवरा तुझा अन हात माझा काहून दुखवू?" असा भाऊ. मंग मीच लिहिलं. लिहून झाल्यावर दोन वेळेस वाचलं. कुणी बघत नव्हतं.

तुमी मिठाईच्या कारखान्यात लागले हे आता सगळ्या धावड्याला ठाव आहे. मी आईला पत्र वाचून दाखवलं, आईनं शेजारच्या झुंबरबाईला सांगितलं, अन झुंबरबाईला सांगितलं की दवंडी द्यायचं काम राहत न्हाई. आरपार दिसणारी दालचिनीची बर्फी इकडं कुणी पाह्यली न्हाई. हापशावर गेले की बाया म्हणतात, सरका गं, हलवाईण आली.

मी कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाऊन राह्यले. दुपारून उद्याच्या कळ्या सोलायच्या, केसर काढून टाकायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी दुसऱ्या कपाशीचं फूल आणून त्यावर फिरवायचं, मंग बियाणं धरतं. माझी बोटं पिवळी झाली. लग्नात हळद लावली तवाची आठवण येते, अन बाया मला विचारतात, कशाला हसली.

आईचा जीव मात्र हलका झाला. सरकारी काम म्हणल्यावर ती भेली होती, बंदुकीचं तर नसल. माझे आबा गोळीनं गेले तवापासून बंदुकीचं नाव निघालं की ती ताटावरून उठते. पोलिसातलं एवढं चांगलं स्थळ तिनं त्याच्यापायी परत लावलं अन ट्रकवरचा क्लीनर पसंत केला. म्हणाली, चाक पंक्चर करल, पण कुणाचा जीव घेणार न्हाई. आता म्हणते, माझा जावई लोकांची तोंडं गोड करून राह्यला.

इकडं कुणी येत असल तर एक तुकडा पाठवा. खोटं पाडू नका मला.

तुमची
बेबीनंदा


कालका
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय बेबीनंदा,

दिवाळीला यायचं होतं, रजा मिळाली न्हाई. उस्तादांनी त्यांच्या घरी जेवायला नेलं. करनैलसिंग उस्ताद म्हणजे पहिले फौजेत होते, आता इथं आहेत. त्यांची बायको मला पुत्तर म्हणते अन पोटाला तडस लागंपर्यंत वाढते. जेवताना मी त्यांच्या घराकडं बघत होतो. दाराला पडदा, खिडकीत तुळशीसारखं काहीतरी.

तू मागितलं ते पाठवता येत न्हाई. ते खायाचं न्हाई, कामाचं आहे. गारठ्याबाहेर काढलं की पाझरतं. बायांना सांग, सरकारी माल आहे, बाहेर देत न्हाईत. जास्त विचारू नको.

त्याच्या बदल्यात दुसरं पाठवून राह्यलो. तांब्याचं फूल. आमच्या कामात अशी फुलं निघतात, मोजमाप झालं की डब्यात पडून राहतात. त्यातलं एक उस्तादांनी मला दिलं. सहा पाकळ्या आहेत, मागं वळलेल्या, एकीचं टोक दुसरीपेक्षा कमीजास्त न्हाई. दुकानात हे मिळणार न्हाई. उस्तादांचे मेहुणे नांदेडला गुरुद्वाऱ्याला चालले, ते जालना स्टेशनावर शिवाजीच्या हाती पुडकं देतील. कापडात शिवून दिलं आहे, तूच उसव.

थंडी अशी की रात्री पाय पायाला लागत न्हाईत. तू इथं असती तर, एवढंच लिहितो. पत्र शिवाजी वाचत असल तर त्यानं हे सोडून द्यावं.

तुझा
वसंता


धावडा
१४ डिसेंबर १९९७

अहो,

शिवाजी वाचत न्हाई. त्याला पुडकं सुद्धा उसवू दिलं न्हाई.

किती नाजूक आहे हो. अन नखाएवढं असून जड किती! कपाशीच्या फुलाला पाच पाकळ्या, ह्याला सहा, तुमीच मोजून पाठवलं म्हणून मी पण मोजल्या. भोकरदनच्या सोनारानं कडी बसवून दिली. म्हणाला, आत शिसं दिसतं, कुठल्या गावची कारागिरी आहे? मी म्हणलं, आमच्या मालकांच्या गावची. तुमचं आतापासून गावच करून टाकलं मी.

काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं आहे. प्लॉटवर वाकून काम करताना ते पुढं येतं, अन मी परत आत टाकते. झुंबरबाई म्हणाली, मंगळसूत्राच्या पोथपेक्षा ह्यालाच जास्त हात लावते ही. लावते. मंग?

खोलीचं काय झालं? चूल आहे का स्टोव्ह घ्यावा लागल? पाणी दारात येतं का? आई म्हणते, संक्रांत इथं कर अन जा. शिवाजी पण संक्रांतीला जालन्याहून येणार आहे. त्याला दाखवायचं आहे हे. दिवसभर भंगाराच्या दुकानात गंजकं लोखंड निवडतो, त्याला बी कळू दे चांगली वस्तू कशी असते.

तुमची
बेबीनंदा


कालका
२५ जानेवारी १९९८

प्रिय बेबीनंदा,

संक्रांत होऊन गेली, तुझं पत्र न्हाई. पोष्टमन आता मला लांबूनच हात हलवतो, न्हाई म्हणून.

हिवाळा सरायच्या आधीच खोली मिळाली. आत चुना मारला. पाणी दारात न्हाई, पण नळ दिसतो तेवढ्या अंतरावर आहे. चुलीला परवानगी न्हाई, स्टोव्ह घेतला. दाराला कडी आतून बसवली, पहिले बाहेरूनच होती. दोन ताटं घेतली. एका ताटात जेवतो अन दुसरं धुऊन पालथं घालतो, वापरलं नसलं तरी.

तू आजारी आहेस का? आई आजारी आहे का? माझं काही चुकलं का? एक ओळ लिही. शिव्या लिही.

तुझा
वसंता


धावडा
१० फेब्रुवारी १९९८

आजारी कुणी न्हाई.

शिवाजी संक्रांतीला आल्ता. मी तिळगूळ दिला अन गळ्यातलं काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं उजेडात धरलं, उलटं केलं, बाजूनं नख फिरवलं. मंग म्हणाला, आक्का, हे कुणी दिलं? मी म्हणलं, तुझ्या दाजींनी. तो म्हणाला, ही झाडलेली गोळी आहे. पोलिसांच्या चांदमारीतलं, गोळीबाराच्या सरावातलं भंगार आमच्याकडं येतं, नळीतून गेलेल्या गोळीला अशाच तिरप्या रेघा असतात.

आई तिथंच तीळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं अन म्हणाली, काढ तो दोरा. दोरा तर मी आधीच काढला होता, शिवाजीच्या हातात होता. तरी ती माझ्या गळ्याकडं बघून म्हणत होती, काढ, काढ.

मी ते इतके दिवस छातीवर वागवलं. बायांना दाखवलं. रात्री मुठीत धरून झोपले.

मला बाकी काही लिहू नका. खोलीचं लिहू नका. एकच सांगा. ही कुणाला लागली होती?

बेबीनंदा


कालका
२० फेब्रुवारी १९९८

बेबीनंदा,

कुणालाच न्हाई. मी रांधलेल्या ठोकळ्याला लागली. आईची आण.

आता सगळं लिहितो. मधीच फाडू नको.

ही जागा म्हणजे बंदुकीच्या गोळ्या तपासायची प्रयोगशाळा. पोलिसाला पिस्तुलात कोणती गोळी द्यावी हे इथं ठरवतात. गोळी माणसाच्या अंगात काय करते हे बघायला माणूस कुठून आणायचा? म्हणून ठोकळा. मी ढवळतो ती पावडर हाडा-कातड्याची आहे, म्हणून म्हणलं खायाचं न्हाई. पाणी अन पावडर बराबर पडलं अन गारठा बराबर मिळाला, तर तो ठोकळा आपल्या मांसासारखा होतो. पहिले छोटा छर्रा मारून बघतात, जमला का न्हाई. जमला नसला तर माझा सगळा स्वयंपाक फेकून देतात.

मंग ठोकळ्यापुढं जीनचं जाड कापड लावतात, चार पदरी. माणूस काही उघडा फिरत न्हाई, म्हणून. उस्ताद दहा पावलांवरून झाडतात. ह्या गोळीच्या टोकाला खड्डा असतो. आत शिरली की तो खड्डा ठोकळ्याच्या गरानं दाबून भरतो अन तोंड फाकतं, पाकळ्या मागं वळतात. फाकली की तिला पुढं जाता येत न्हाई. दीड-दोन वीत जाऊन मधीच थांबते. ठोकळ्यातून बघितलं तर मागं सगळी वाट दिसते, अन टोकाला ती लटकलेली असते. तिला फूल मी खोटं म्हणलं न्हाई बेबीनंदा. मला पहिल्या दिवशी तसंच दिसलं.

मी साहेबांना विचारलं, थांबवायची कशाला? ते म्हणाले, ताकि पीछे वाला बचे.

पीछे वाला म्हणल्यावर मला आबा दिसले. मी त्यांना कधी पाह्यलं न्हाई, तरी दिसले. तू सांगितलं होतं तसेच. जुन्या जालन्यात धान्याच्या पेढीपुढं, पाठीवर पोतं घेऊन उभे. राखणदारानं पळत्या चोरावर पिस्तूल झाडलं, गोळी चोरातून निघाली अन मागं आबांना लागली. ती गोळी ह्यातली असती तर चोरातच थांबली असती. आबा पोतं टाकून घरी आले असते, अन तू मला पोलिसवाल्याच्या घरातून दिसली असती. तरी चाललं असतं. आबा असते.

म्हणून मी इथं टिकलो. मी कुठंच टिकत न्हाई, तुला ठाव आहे. आठ दिवसांखाली एका गोळीच्या खड्ड्यात कापडाचा बोळा बसला. ती फाकली न्हाई. ठोकळ्यातून आरपार निघून मागच्या वाळूत घुसली. साहेबांनी पाटीवर नापास लिहिलं. मी वाळू उकरून ती काढली अन मला जेवण गेलं न्हाई.

तुला बर्फी वाटली तवाच सांगायचं होतं. पण तुझ्या पत्रात तू इतकी हसत होती. मला वाटलं, खोलीत आणतो अन मंग समोर बसून सांगतो. समोर असली की मी सांगू शकतो. कागदावर माझं सगळं उलटंच पडतं.

काम सोडू का? तू म्हण, उद्या सोडतो.

वसंता


धावडा
८ मार्च १९९८

अहो,

फाडलं न्हाई. आईला पण वाचून दाखवलं, हाडा-कातड्याचं सुद्धा. ती म्हणाली, झुंबरबाईला हे सांगू नको. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

पण थांबते म्हणता, ती कुठं थांबते? हवेत न्हाई थांबत. कुणाच्या तरी आतच थांबते.

तुमाला मी एक सांगितलं नव्हतं. आबांना सरकारी दवाखान्यात नेलं, तवा बाजूच्या खाटेवर तो चोर होता. तुरीचं अर्धं पोतं उचललं होतं त्यानं. त्याची बायको लेकरू घेऊन आल्ती, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. शिपाई तिला बाहेर हो म्हणत होता. आईनं तिला आपल्या सतरंजीवर बसवलं अन तांब्यातलं पाणी दिलं. दोघी तिथंच बसल्या. आबा सकाळी गेले, तिचा नवरा दुपारून. गावात सगळे आईला म्हणाले, चोरामुळं तुझा माणूस गेला अन तू त्याच्या बायकोला पाणी पाजलं.

तुमी मागच्याचं लिहिलं ते तिनं ऐकलं. मंग म्हणाली, अन पुढचा?

मी म्हणलं, काम सोडतो म्हणले ते. तर म्हणाली, सोडायला त्याला काय लागतं, तो सोडतच आला आहे. सोडून आला तर पुढं काय सोडल? मी पोरगी माणसाला दिली, पोष्टाला न्हाई दिली. समोर येऊन बोलू दे.

मला काय वाटतं ते तुमी विचारलं न्हाई. राग आहे. तुमी खोटं बोलले त्याचा आहे. पण रोज संध्याकाळी रानातून येताना वाटतं, आज घरी गेले की ओट्यावर कुणी बसलेलं असल. कुणी नसतं, शेळी असते.

या.

बेबीनंदा


कालका
१२ एप्रिल १९९८

प्रिय बेबीनंदा,

बराबर पोचलो. गाडीत दिल्लीपर्यंत उभाच होतो, पण पाय दुखतात हे इथं आल्यावर कळलं.

तिकडं येताना रस्ताभर मी मनात बोलायची तयारी केल्ती. मागचा, पुढचा, साहेब, पोलिस, सगळं. आईसमोर बसलो अन ते सगळं विसरलो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "अन पुढचा?" मी म्हणलं, आई, पुढच्याचं माझ्यापाशी उत्तर न्हाई. साहेबांपाशी असल, माझ्यापाशी न्हाई. मी मागच्यासाठी रांधतो, पण गोळी पुढच्याला लागते हे मला तुमच्या पत्रानंतर रोज दिसतं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मंग म्हणल्या, खोटं बोलायचं असतं तर आता बोलला असता. अन वाढायला उठल्या.

तुला पाठवायला हो न्हाई म्हणल्या, न्हाई पण न्हाई म्हणल्या. ह्याला मी काय समजू? तुला काही कळलं का?

तू वाढताना माझ्याकडं बघितलं न्हाई. पाणी ठेवताना बघितलं. तेवढ्यावर मी कालक्यापर्यंत आलो. एसटी सुटली तवा तू फाट्यावर उभी होती, पदर दातात धरून. मी खिडकीतून हात काढला तर कंडक्टर ओरडला, हात आत घ्या पाव्हणं. म्हणून हलवला न्हाई. तुला वाटलं असल, ह्यानं हात पण केला न्हाई.

आता इथं गरम होऊन राह्यलं. भांडं लवकर तापतं, आचेकडं जास्त बघावं लागतं. ठोकळा मांडून दिला की मी बाहेर येऊन बसतो. साहेब म्हणाले, क्यों, देखना नहीं? मी म्हणलं, नहीं साहब, बनाऊंगा. देखूंगा नहीं. आवाज मात्र बाहेर येतो.

खोलीत काल एक खुंटी ठोकली. एक माझ्यासाठी होतीच.

तुझा
वसंता


धावडा
३ मे १९९८

अहो,

हात केला न्हाई म्हणून मी चार दिवस कुणाशी बोलले न्हाई. आता कंडक्टरला शिव्या देऊन राह्यले.

तुमी गेल्यावर आई तुमच्याबद्दल एक अक्षर बोलली न्हाई. मी विषय काढला की गोठ्यात जायची. झुंबरबाईनं विचारलं, जावई पोरीला घेऊन गेला न्हाई का, तर म्हणाली, खोलीला रंग लावून राह्यला. मला नवल वाटलं. खोलीचा रंग तिला कुठून ठाव? तुमची पत्रं ती माझ्याकडून वाचून घेते, पण एवढं ध्यानात ठेवते हे मला ठाव नव्हतं.

काल ती दळायला गेली. आल्यावर तिच्यापाशी दोन थैल्या. एक रोजची. दुसरी मोठी, तोंड सुतळीनं बांधलेली. मी म्हणलं, आई, एवढं दळण कुणाचं? ती म्हणाली, "जेवताना तो म्हणत न्हवता का, तिकडं सगळी गव्हाचीच रोटी, भाकर डोळ्याला दिसत न्हाई." तवा ती चुलीकडं तोंड करून होती, मला वाटलं ऐकलंच न्हाई. नवी ज्वारी आहे, टपोरी. तिनं स्वतः निवडली.

मी थैलीवर हात ठेवला, तर अजून गरम होती. मला रडू आलं. आई म्हणाली, "रडून पीठ ओलं करू नको. अन त्याला लिही. जास्त दिवस ठेवलं की पिठाची विरी जाते, मंग भाकर परातीतच फाटते. काय ते लवकर कर म्हणावं."

आज मी हे पत्र टाकून राह्यले. पोचायला आठवडा, तुमी मला न्यायला निघायला एक-दोन दिवस, गाडी दोन दिवस. तेवढं पीठ टिकतं. त्याच्यापुढं न्हाई टिकत.

तुमची
बेबीनंदा